हलका दांडा आणि जुनी मोटार

ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडताना मधे जो फिरता दांडा लावतात, तो तुमच्या ओळखीचा आहे. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉसचे सांधे असतात, म्हणून अवजार वरखाली झालं तरी दांडा अडत नाही, फिरत राहतो. ज्या मोटारीचं इंजिन पुढे आणि गाडी ढकलणारी चाकं मागे, तिच्या पोटाखालीही असाच दांडा असतो. त्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. उभ्या ट्रकखाली वाकून पाहिलंत तर तो सहज दिसेल.

या दांड्याची आज आठवण झाली ती अमेरिकेतल्या एका हौसेमुळे. तिकडे जुन्या जोरदार मोटारी बाळगणारे लोक पुष्कळ, आणि फोर्डची मस्टँग ही त्यांची लाडकी गाडी. २००५ सालच्या नव्या घडणीच्या मस्टँगमध्ये, आठ सिलिंडरच्या जीटी प्रकाराला, हा शाफ्ट पोलादी आणि दोन तुकड्यांचा होता. मधे एक बेअरिंग टांगलेलं. आता या गाड्या जुन्या झाल्या. त्यांचे मालक तो शाफ्ट काढून ॲल्युमिनियमचा एकसंध शाफ्ट बसवतात. सात-आठ किलो वजन कमी होतं आणि ‘गाडी पळायला लागली’ असं मालक सांगतात. किती पळायला लागली, ते बघू या.

शिक्षकांना वर्गात करता येईल असा एक प्रयोग आहे. सायकल उलटी उभी करा. मागच्या चाकाच्या कडेला समोरासमोर दोन सारखे मातीचे गोळे घट्ट बांधा आणि हाताने पायडल फिरवून बघा. मग तेच गोळे आसापाशी बांधा. वजन तेवढंच, पण आता चाक किती सहज वेग घेतं! फिरणारं वजन आसापासून दुप्पट अंतरावर गेलं, की त्याला वेग देण्याचे कष्ट चौपट होतात. मोटारीचा शाफ्ट म्हणजे मनगटाहून थोडी जाड नळी. तिचं सारं वजन आसापासून चार-साडेचार सेंटिमीटरवर. त्यामुळे तिच्यातले आठ किलो कमी केले, तर गाडीला ते दहा किलो कमी झाल्यासारखे वाटतात. फिरण्यामुळे मिळालेला जादा लाभ दोन किलोंचाही नाही. गाडीचं वजन सोळाशे किलोंच्या घरात. शंभर किलोमीटरचा वेग गाठायला साडेपाच सेकंद लागत असतील, तर वाचतील तीन-चार शतांश सेकंद. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. इंजिनाच्या फ्लायव्हीलवरचं तेवढंच वजन मात्र पहिल्या गिअरमध्ये कितीतरी पट भारी पडतं, कारण ते चाक रुंदही आणि त्याचे फेरेही जास्त.

मग मालक खोटं बोलतात का? तसं नाही. जुन्या शाफ्टचे क्रॉस झिजलेले असतात, मधल्या बेअरिंगचं रबर सैल झालेलं असतं. ॲक्सिलरेटर दाबला की आधी ढिलाई भरून निघते आणि मग गाडी सरकते. नवा शाफ्ट घातल्यावर ती ढिलाई जाते. माझ्या मते जाणवणारा फरक बराचसा हाच. जुन्याच शाफ्टला नवे सांधे घातले तरी तो मिळेल.

खरा विचार करायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. कारखान्याने दांडा दोन तुकड्यांत का केला? उडी मारायची लांब दोरी दोघांनी धरून फिरवली की मधे पोट काढते. लांब नळीचंही एका ठराविक वेगाला तसंच होतं. ती मधे वाकून धनुष्यासारखी घुमू लागते, गाडी थरथरते आणि शेवटी नळी मोडते. या वेगाला क्रांतिक वेग म्हणतात. नळीची लांबी दुप्पट केली की हा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. ट्रॅक्टरचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, तर या मोटारीचा शाफ्ट ताशी शंभर किलोमीटरला सुमारे २८०० आणि दोनशेला साडेपाच हजारांवर. दोन तुकडे करून कारखान्याने प्रत्येक तुकडा आखूड ठेवला, तो यासाठी.

इथे ॲल्युमिनियम मदत करील असं वाटतं, पण गंमत पहा. ते पोलादाच्या एकतृतीयांश वजनाचं, आणि त्याचा ताठपणाही जवळजवळ एकतृतीयांशच! त्यामुळे त्याच मापाची नळी केली तर क्रांतिक वेग जिथल्या तिथे राहतो. तो वाढवायचा तर नळी रुंद करावी लागते. म्हणून चांगला एकसंध शाफ्ट जुन्यापेक्षा जाड दिसतो. विकत घेणाऱ्याने वजनाच्या आधी व्यास आणि बनवणाऱ्याने सांगितलेली फेऱ्यांची मर्यादा विचारावी. आपल्या गाडीच्या अतिवेगाला शाफ्ट किती फेरे घेईल हे काढावं, आणि मर्यादा त्याच्या बरीच वर असली तरच तो घ्यावा. नळीचा तोल यंत्रावर तपासलेला हवा; दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन जुळलेले हवेत, नाहीतर नवा शाफ्टही थरथरतो.

अमेरिकेत शर्यतीच्या पट्ट्यांवर जलद गाड्यांना शाफ्टच्या पुढच्या टोकाभोवती एक मजबूत कडी लावावी लागते. पुढचा क्रॉस तुटला, की सुटलेलं टोक रस्त्यात रुतून धावती गाडी उचलली जाण्याचा धोका असतो. कडी असली की टोक तिच्यातच अडकतं. तिचं वजन वाचवलेल्या किलोंतून वजा होतं. ते होऊ द्यावं.