असं का? : चंद्रावरचा निळा दिवा

नील आर्मस्ट्राँग यांचं 'छोटं पाऊल' शाळकरी मुलांनाही पाठ असतं. पण ते वाक्य आलं यान उतरल्यावर साडेसहा तासांनी. २० जुलै १९६९ रोजी त्यांचं यान 'ईगल' चंद्राला टेकलं, तेव्हा सहकारी बझ ऑल्ड्रिन एवढंच म्हणाले होते : "कॉन्टॅक्ट लाइट."

हा दिवा कसला?

इंजिनाच्या झोतानं चंद्रावरची धूळ उडते. तिथे हवा नाही, त्यामुळे तिचे लोट उठत नाहीत. ती जमिनीलगत सुसाट चहूकडे फेकली जाते आणि उतरणाऱ्याचा अंदाज चुकू शकतो. शिवाय इंजिन जमिनीच्या फार जवळ चालू राहिलं, तर उलटलेला झोत त्यालाच भोवायचा. म्हणून यानाच्या चारपैकी तीन पायांखाली सुमारे १.७ मीटर लांबीच्या काड्या लोंबत होत्या. अंध व्यक्तीच्या पांढऱ्या काठीसारख्या त्या आधी जमीन चाचपत. एकीचं टोक टेकलं, की यानात निळा दिवा लागे. मग इंजिन बंद करायचं.

शिडीच्या पायाखालची काडी मात्र मुद्दाम काढली होती. ती वाकून वर आली असती, तर अंतराळवीराचा पोशाख फाटण्याची भीती होती.

प्रत्यक्षात आर्मस्ट्राँग यांनी इंजिन किंचित उशिरा बंद केलं. यान इतकं हळुवार टेकलं, की पायांतले धक्काशोषक फारसे दबलेच नाहीत आणि शिडीची शेवटची पायरी जमिनीपासून जवळजवळ एक मीटर उंच राहिली.