पाऊण तासाचा चावंड

रोज अर्धा तास ट्रेडमिलवर पळते, त्यामुळे चावंड आपल्यासाठी किरकोळ, अशा गुर्मीत होते मी. रविवारी सकाळी जुन्नरहून आपटाळेमार्गे चावंडवाडी गाठली. पायथ्यापासून माथ्यापर्यंत जेमतेम पाऊण तासाची वाट. पण काय चढ आहे, बॉस!

शेवटचा टप्पा म्हणजे उभा कातळ. १८१८ मध्ये इंग्रजांनी इथल्या पायऱ्या उद्ध्वस्त केल्या. आता आधाराला रेलिंग आहे. तरी मध्येच खाली पाहिलं आणि पाय लटपटायलाच लागले. ना वर जाता येईना, ना खाली. मागून देवीला निघालेल्या एक आजी आल्या. ‘‘खाली कशाला बघते बाई? पुढच्या पायरीकडं बघ,’’ म्हणाल्या आणि अनवाणीच पुढे सटकल्या! माझे ब्रँडेड शूज लाजले असतील.

वर चामुंडा देवीचं मंदिर आणि सप्तमातृकांच्या नावाने ओळखली जाणारी सात टाकी आहेत. खाली कुकडीवरच्या माणिकडोह धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं. घामाचे पैसे वसूल!

तुम्ही जाणार असाल तर पाणी भरपूर घ्या, रिकाम्या बाटल्या परत आणा. पावसात कातळ निसरडा होतो, तेव्हा जपून. आणि हा बिबट्यांचा मुलूख, अंधाराच्या आत खाली या.

उतरताना मी रेलिंग काही सोडलं नाही. नजर मात्र फक्त पुढच्या पायरीवर होती.