नवा गेमिंग लॅपटॉप घरी येतो तेव्हा...

मैत्रिणींनो, घरात नवा मिक्सर आला की आपण काय करतो? भांडी धुतो, पुस्तिका चाळतो, गॅरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आहे ना ते बघतो आणि मगच पहिली चटणी वाटतो. पण ऐंशी हजारांचा लॅपटॉप आला, की तो मुलांच्या हवाली करून आपण स्वयंपाकघरात निघून जातो. 'त्यातलं आपल्याला काय कळतंय!' मीही तेच केलं आणि चार दिवसांत पस्तावले.

झालं असं. माझा भाचा आमच्याकडे राहून इंजिनिअरिंग शिकतो. त्याला गेमिंग लॅपटॉप हवा होता. 'गेमिंग' हा शब्द ऐकूनच ताईच्या कपाळाला आठी पडली. पण यंत्रांची त्रिमिती चित्रं काढायच्या प्रोग्रॅमना आणि खेळांना तशाच ताकदीची ग्राफिक्स चिप लागते, हे पटल्यावर तिनं भिशी उचलून पैसे पाठवले. फोनवर म्हणाली, "तुझ्या भरवशावर पाठवतेय गं."

चौथ्या दिवशी भाचा तोंड पाडून उभा. "मावशी, पीस खराब निघाला. खेळ अडखळतो, पंखा विमानासारखा ओरडतो." दुकानदारानं हात वर केले : खोकं उघडलंय, आता कंपनीला फोन करा. हे म्हणाले, "गेले पैसे पाण्यात!" माझ्या तर घशाखाली घास उतरेना. ताईला काय सांगू?

रात्री मागचं आवरून, पुस्तिका घेऊन त्याच्याशेजारी बसले. पाहते तर काय, लॅपटॉप गादीवर, खाली गोधडी आणि चार्जर दप्तरात! बिघाड यंत्रात नव्हताच, आमच्या मांडणीत होता. त्या रात्री आम्ही दोघांनी जे शिकून घेतलं, ते तुम्हालाही सांगते.

जागा. या लॅपटॉपच्या पोटाला जाळी असते. तिथून गार हवा आत जाते आणि मागच्या नि बाजूच्या फटींतून गरम हवा बाहेर पडते. गादीवर ठेवला की जाळी बुजते. आतलं तापमान 95 ते 100 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं, की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. मुलं म्हणतात लॅपटॉप अडखळतो. खरं तर तो गुदमरलेला असतो. कुकरच्या शिटीवर आपण कधी फडकं दाबू का? तसंच हे. टेबलावर ठेवा, मागची बाजू इंचभर उचलून धरेल असा आधार द्या. मधूनमधून लॅपटॉप बंद करून फटींतली धूळ मऊ ब्रशनं काढा.

वीज. बॅटरीवर हा लॅपटॉप पूर्ण ताकदीनं चालतच नाही. खेळताना चार्जर लावलेलाच हवा आणि तोही त्याचा स्वतःचा. साध्या लॅपटॉपचा चार्जर 65 वॅटच्या आसपास असतो, याचा बहुधा 180 ते 240 वॅटचा, विटेसारखा जड. तो तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटातच लावा. धातूच्या झाकणाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. बिलाची धास्ती वाटते? 200 वॅट ओढत पाच तास चालला तर एक युनिट, एवढाच हिशेब. आणि दिवसभर चार्जरवरच राहणार असेल, तर कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये बहुतेक वेळा चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करा. बॅटरी जास्त टिकते.

पहिला दिवस. बिलाचा आणि खालच्या सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवा, वॉरंटीची नोंदणी करा, खोकं माळ्यावर टाका. मग खेळ टाकायच्या आधी विंडोजचे सगळे अपडेट होऊ द्या. बंद-चालू करून पुन्हा तपासा. काही उरलं नाही असं दिसेपर्यंत. यात दोन तासही जातात, पुरण शिजतं तसं शिजू द्यावं. बायॉसचा अपडेट चालू असताना मात्र वीज तोडायची नाही, चार्जर लावलेला ठेवायचा. महिनाभर फुकट म्हणून आलेलं अँटिव्हायरस काढून टाकलंत तरी चालेल. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असतोच.

वेग. आमच्या लॅपटॉपचा पडदा 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा. पण तो चालत होता 60 वर! सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे आकडा बदलता येतो. त्याच डिस्प्लेच्या पानावर 'ग्राफिक्स' आहे. यात बहुधा दोन ग्राफिक्स चिप असतात. एक रोजच्या कामाची, एक दमदार. खेळाला 'हाय परफॉर्मन्स' नेमून द्या. अभ्यासाला 'बॅलन्स्ड', खेळाला 'परफॉर्मन्स', अशी मंद आणि मोठी आच ठरवून घ्या. खेळातल्या सेटिंगमध्ये फ्रेम्सना मर्यादा घातली, तर पंखाही शांत होतो.

घरात लहान मुलं असतील तर त्यांचं खातं वेगळं करा. मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टीत तासांची मर्यादा आपल्या हातात राहते. आणि खेळाच्या दुकानात आपल्या कार्डाचा नंबर साठवून ठेवू नका. कळत-नकळत एक बटण दाबलं जातं नि महिन्याचा किराणा उडतो!

त्या रात्री साडेअकराला खेळ सुरळीत चालू झाला. भाचा म्हणाला, "मावशी, तू पण बघ ना!" आणि मी पाहिलाही. दुसऱ्या दिवशी ताईला फोन केला, "पैसे पाण्यात गेले नव्हते गं, गोधडीत अडकले होते."

तेव्हा पुढचं खोकं उघडताना चहा ठेवून आत जाऊ नका. खुर्ची ओढा आणि शेजारी बसा. पुस्तिका वाचणं आपल्याला नवीन नाही!