जीवाश्म-सहल : काय पाहावे आणि काय आणू नये

आपल्या मंडळाच्या हिवाळी सहलीसाठी यंदा धार जिल्ह्यातील बाग परिसराचे नाव निघाले, आणि पाठोपाठ सभासदांचा, त्याहूनही अधिक त्यांच्या नातवंडांचा, प्रश्न आला : "तिथे जीवाश्म वेचता येतील का?" सहलीची पूर्वतयारी माझ्याकडे असल्याने या प्रश्नाचे उत्तर शोधणे क्रमप्राप्त झाले. ते उत्तर सर्वांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या भूमीविषयी. सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा आजच्या नर्मदा खोऱ्यात शिरला होता. त्याची साक्ष बागच्या चुनखडीत जागोजागी दिसते : शिंपले, समुद्री अर्चिनांची कवचे, शार्कचे दात आणि अमोनाइटांचे वळसे. आपल्या देव्हाऱ्यातला गंडकीचा शाळिग्रामदेखील अमोनाइटच, फक्त अधिक प्राचीन. या चुनखडीखाली निमाड वालुकाश्म आहे आणि बागची प्रसिद्ध बौद्ध लेणी त्याच्यातच कोरलेली आहेत. समुद्र हटल्यानंतरच्या काळात लॅमेटा नावाने ओळखले जाणारे थर साचले. त्या मातीत महाकाय शाकाहारी डायनोसॉर, म्हणजे टायटॅनोसॉर, अंडी घालीत. त्यानंतर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ज्या लाव्हाने आपले माळव्याचे पठार घडविले, त्यानेच हे सारे झाकून टाकले. म्हणजे लेणी, समुद्र, डायनोसॉर आणि ज्वालामुखी हे चारही अध्याय एकाच दिवसाच्या फेरीत वाचता येतात.

आता वेचण्याविषयी. आपण सारे वैद्यकातले. तेव्हा एका रोगनिदानाचे उदाहरण देतो. बागजवळच्या पाडल्या गावाच्या परिसरात दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांना टायटॅनोसॉरांची अनेक घरटी आढळली. त्यांपैकी एका घरट्यात दहा अंडी होती आणि त्यांतले एक विकृत होते : त्याच्या कवचाच्या आत आणखी एक कवच. हे संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. 'अंड्यात अंडे' हा दोष तोवर केवळ पक्ष्यांत नोंदला गेला होता. कोंबडीत क्वचित तयार होत आलेले अंडे अंडवाहिनीत उलटे ढकलले जाते, मागून येणाऱ्या अंड्यात सामावते आणि दोहोंवर मिळून नवे कवच चढते. कासवाप्रमाणे सारी अंडी एकदम कवचबद्ध करून घालणाऱ्या प्राण्यात असे घडणे कठीण. म्हणून या एका विकृतीवरून टायटॅनोसॉरांची अंडवाहिनी मगरी व पक्ष्यांप्रमाणे विभागलेली असावी आणि अंडी एकामागून एक तयार होत असावीत, असे अनुमान संशोधकांना काढता आले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या मादीची ही स्त्रीरोगचिकित्साच म्हणायची!

हे निदान साधले ते अंडे घरट्यातच राहिल्यामुळे. त्याआधी एखाद्या हौशी प्रवाशाने तो गोल दगड उचलून दिवाणखान्यात ठेवला असता, तर तो कोणत्या थरातला, कोणाच्या शेजारचा, हे कायमचे पुसले गेले असते. नाव, तारीख आणि अवयव यांची चिठ्ठी नसलेली ऊतीची बाटली विकृतिशास्त्रज्ञ जशी परत पाठवतो, तशीच ही स्थिती. जीवाश्माचे निम्मे मोल त्याच्या जागेत असते.

याच पट्ट्याविषयी जानेवारी २०२३ मध्ये आणखी एक शोधनिबंध आला. बाग ते कुक्षी यांदरम्यान ९२ घरटी आणि २५६ अंडी त्यात नोंदलेली आहेत. त्याच्या लेखकांत दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद व हर्षा धिमान यांच्यासोबत धार जिल्ह्यातील बाकानेरच्या शाळेतील शिक्षक विशाल वर्मा आहेत, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. प्रयोगशाळेबाहेरचा माणूसही या शास्त्रात भर घालू शकतो. मात्र पाहून, मोजून आणि नोंदवून.

कायदाही याच दिशेचा आहे. बाग परिसरातील काही भाग २०११ मध्ये डायनोसॉर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानातून वनोपज हलविण्यास मनाई आहे. आणि भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या व्याख्येत वनातील दगड व खनिजे हीदेखील वनोपजच होत. उद्यानाबाहेरच्या वनभूमीतही म्हणून दगड उचलण्याचा प्रश्न उद्भवत नाही. भूवारशाच्या जतनासाठी स्वतंत्र केंद्रीय कायद्याचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नुकसान करणाऱ्यास शिक्षा सुचविलेली आहे. इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावर लाटांनी सुटे केलेले जीवाश्म सामान्य माणूस वेचू शकतो. पण तेथेही महत्त्वाचा नमुना सापडल्यास त्याची नोंद करण्याचा संकेत आहे. 'येथे खुशाल वेचा' अशी जाहीर जागा मला बाग पट्ट्यात आढळलेली नाही. राहतात ती खासगी शेते. तेथे मालकाचा शब्द हवाच. शिवाय काय उचलावे, हे ठरविणारा जाणकारही सोबत हवा.

या साऱ्यावरून सहलीसाठी पुढील योजना सुचवितो.

एक, डिसेंबर-जानेवारीतला शनिवार-रविवार. इंदूरहून बाग दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, तेव्हा एक मुक्काम आवश्यक. पहिल्या दिवशी लेणी, दुसऱ्या दिवशी सकाळी जीवाश्म.

दोन, महिनाभर आधी धारच्या वन विभागाकडे लेखी अर्ज : माणसांची संख्या, मुलांची वये आणि वाहने नमूद करून. उद्यानाबाहेर ज्या शेतात जायचे त्या शेतकऱ्याची आणि ग्रामपंचायतीची परवानगी वेगळी. पाडल्याकडे असे काही गोल दगड काकड भैरव म्हणून पूजले जात असल्याचे २०२३ मध्ये वृत्तपत्रांतून आले होते. तेव्हा गावात शिरताना आधी विचारावे, मग पाहावे.

तीन, भूशास्त्राचा एक प्राध्यापक सोबत. तीस माणसांमागे एक जाणकार पुरतो. त्याच्याविना तीस माणसे केवळ दगड पाहून परततात.

चार, हातोडी-छिन्नी कोणीही आणू नये. हाड, दात, अंडे यांना हात लावू नये. मालकाची व प्राध्यापकांची संमती असेल तरच खासगी शेतातील सुटा शिंपला प्रत्येक मुलाने एक घ्यावा आणि त्यासोबत गाव, तारीख व थर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. एरवी शेजारी नाणे ठेवून छायाचित्र काढावे. आकार कळण्यास तेवढे पुरते.

पाच, बालरोगतज्ज्ञ म्हणून माझा आग्रह : आठ वर्षांवरील मुलेच न्यावीत. चपला नकोत, बंद बूट हवेत. टोपी, दर माणशी दोन लिटर पाणी आणि ओआरएस बरोबर असावे. दगडाखाली विंचू असतो, म्हणून हाताने दगड उलटू नये. सर्पविषावरील लस सर्वांत जवळ कोणत्या रुग्णालयात उपलब्ध आहे, याची चौकशी निघण्याआधी फोनवरून करून ठेवावी.

या सहलीतून मुलांच्या खिशात फारसे काही येणार नाही, याची कल्पना पालकांनी त्यांना आधीच द्यावी. त्याऐवजी प्रत्येकाच्या हाती एक वही द्यावी. पाहिलेल्या वस्तूचे चित्र, जागा आणि माप त्यांनी तीत लिहावे. परतल्यावर त्या नोंदींची एक प्रत प्राध्यापकांकडे सोपवू. त्यांतली एखादी जरी त्यांच्या उपयोगी पडली, तरी सहल सार्थकी लागली असे मी समजेन. इच्छुकांनी आपली व मुलांची नावे दिवाळीपूर्वी कळवावीत, म्हणजे अर्ज वेळेवर धाडता येईल.