होड्या शाकारल्या की शाळा भरते

मंडळी, माणगावची काळ नदी पुढे सावित्रीला मिळते आणि सावित्री बाणकोटला समुद्रात जाते, हे तुम्हाला सांगायला नको. पण दोनशे वर्षांपूर्वी त्याच खाडीच्या तोंडावर स्कॉटलंडचे पाद्री शाळा काढायला उतरले होते, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

बाणकोटचा हिंमतगड १७५६ च्या तहानं इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. पेशवाई बुडाल्यावर काही काळ दक्षिण कोकणचा कारभार इथूनच चाले. १८२२ मध्ये मुख्य कचेरी रत्नागिरीला हलली. साहेबाची कचेरी गेली आणि पुढच्याच वर्षी, १८२३ मध्ये, स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल आले. ते त्याच वर्षी वारले. पाठोपाठ आलेल्या जेम्स मिचेल, कूपर, क्रॉफर्ड, स्टीव्हन्सन यांनी बाणकोट आणि हर्णै ही दोन ठाणी धरून शाळा काढल्या. दोन्ही गावं बंदराची, मासळीवर आणि गलबतांवर जगणारी. हर्णैसमोर तर भर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा.

हेतू धर्मप्रसाराचा होता. त्यांनी तो लपवला नाही, आपणही लपवायचं कारण नाही. पण शिकवणं मराठीतून होतं आणि वाचन, लेखन, हिशेब होता. शिकवणारे बरेचसे इथलेच पंतोजी. मुलींनाही शिकवायचा प्रयत्न झाला, आणि तो पुण्यात फुल्यांनी १८४८ मध्ये शाळा काढली त्याच्या वीसेक वर्षं आधी! मुंबईत विल्सन कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते जॉन विल्सन १८२९ मध्ये आले, तेव्हा मराठी शिकायला याच किनाऱ्यावर येऊन राहिले होते. पोरांची बोली आधी मास्तरांनी शिकायची, हा रिवाज मला तरी फार मोलाचा वाटतो.

मग झालं काय? पुणं मोठं गाव. १८३० नंतर मिशनचं लक्ष तिकडे वळलं आणि दहाएक वर्षांत बाणकोट-हर्णै मागं पडलं. पैसा बाहेरचा, मास्तरांवर देखरेख बाहेरची. ती माणसं उठली तशी शाळांची टेकणही गेली.

आता आजचं बघा. देशावरून, विदर्भातून आलेले गुरुजी आपल्या किनाऱ्यावर चांगलं शिकवतात, पण बरेच जण आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे डोळे लावून असतात. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? घरदार तिकडे, म्हातारी माणसं तिकडे. बदली झाली की नवे गुरुजी येईपर्यंत एकाच मास्तरांवर चार वर्ग. त्यात पट घसरलेला. वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार शासनानं २०२३ मध्ये पुढे आणला. सपाटीवर एसटीनं, टमटमनं पोर दुसऱ्या गावात जाईल. पण मधे खाडी असेल तर? नकाशावर अर्धा किलोमीटर दिसतो, आषाढात तो पार करणं म्हणजे जिवाशी खेळ.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी हे ध्यानात ठेवावं. शिक्षण हक्काच्या केंद्राच्या २०१० च्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत हवी असं आहे, आणि जिथे वाट धोक्याची तिथे हे अंतर आणखी कमी करायला सांगितलं आहे. शाळा हलवायचा कागद आला तर ठरावात खाडी, भरती, होडीची सोय हे सगळं लिहून घाला. नुसतं ‘ग्रामस्थांचा विरोध आहे’ एवढं लिहून भागत नाही.

आणखी एक. पटावरचं पोर आणि वर्गातलं पोर यांत फरक असतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. होड्या शाकारलेल्या, आईबाप घरी, पोरं शाळेत. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम जोरात आला की आई पहाटे लिलावाला जाते आणि धाकट्याला सांभाळायला थोरली घरी राहते. आपल्याकडे लावणी-कापणीला होतं तेच हे. म्हणजे शेतकऱ्यांनी कोळीवाड्याला नावं ठेवायचं कारण नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या बायका असाव्यात, असा कायदाच आहे. मग सभा दुपारी बारा वाजता, कोळणी बाजारात असताना का ठेवता? संध्याकाळी ठेवा. आणि येत्या ग्रामसभेत जुलैचा हजेरीपट आणि ऑक्टोबरचा हजेरीपट शेजारी शेजारी ठेवून, मुलींची नावं तेवढी मोठ्यानं वाचून दाखवा.