फ्यूजशिवाय बॉंब कसा फुटतो?

मुंबई गोदीतील १९४४ च्या स्फोटाविषयी नायगावच्या एका शाळेत बोलत असताना नववीतील एका मुलीने आम्हाला विचारले, "बॉंब वरून पडला की फुटतो. मग जहाजात नुसता ठेवलेला कसा फुटला?" प्रश्न नेमका होता. त्याचे उत्तर आपण पाहू.

घरातील फ्यूज धोका दिसताच विद्युतमंडल तोडतो. बॉंबचा फ्यूज उलट काम करतो. तो स्फोटाची साखळी सुरू करतो. बॉंबमध्ये भरलेले टीएनटी किरकोळ आघाताने सहसा फुटत नाही. सुमारे ८० अंश सेल्सिअसला ते वितळते, म्हणून वितळवून कवचात ओतता येते. त्याला चेतवण्यासाठी फ्यूजमधील टोकदार पिन लेड अझाइडसारख्या अतिसंवेदनशील पदार्थाच्या कणभर साठ्यावर आदळते. त्याच्या धक्क्याने टेट्रिलसारखे मधले स्फोटक फुटते आणि मग मुख्य साठा.

दोन महायुद्धांच्या दरम्यान अनेक विमानी बॉंबच्या फ्यूजला छोटा पंखा असे. बॉंब खाली येताना तो वाऱ्याने फिरे आणि ठरावीक फेऱ्यांनंतरच पिन मोकळी होई. वाहतुकीत तर फ्यूज सहसा वेगळेच ठेवतात.

परंतु ही सारी कुलपे आघातासाठी आहेत, उष्णतेसाठी नव्हेत. टीएनटीच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते बंद कवचातही पेटू शकते. कोंडलेल्या वायूंचा दाब वाढतो, ज्वलनाचा वेग वाढतो आणि अखेर ज्वलनाचा स्फोट होतो.

व्हिक्टोरिया गोदीत हेच घडले. 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या होत्या. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी दोन क्रमांकाच्या कोठारातून धूर येऊ लागला. दाबून बांधलेली गासडी आतल्या आत धुमसते. पाणी तेथवर पोचत नाही. ९०० टनांहून अधिक पाणी ओतले, पण तेच उकळू लागले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. कुलाबा वेधशाळेतील भूकंपमापकांवर त्यांची नोंद झाली. शेकडो माणसे मेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

म्हणजे त्या मुलीला उत्तर असे : बॉंब पडण्याची गरज नव्हती, कापसाशेजारची जागा पुरेशी होती.

शिक्षकांनी वर्गात एक गणित जरूर द्यावे. नायगाव गोदीपासून सरळ रेषेत सुमारे ६ किलोमीटर आहे. जमिनीतील लहरींचा वेग सेकंदाला ५ किलोमीटर आणि हवेतील ध्वनीचा ३५० मीटर धरला, तर हादरा व आवाज यांत किती अंतर पडेल? उत्तर सुमारे १६ सेकंद येते. त्या दिवशी नायगावकरांच्या पायाखालची जमीन आधी हादरली असणार, आवाज मागून आला असणार.