विद्यापीठाची परिभाषा आणि पहिल्या पिढीचा विद्यार्थी

विद्यापीठात शिकवल्या जाणाऱ्या विषयांची परिभाषा ग्रंथांत सापडते. विद्यापीठ स्वतः ज्या परिभाषेत चालते, ती मात्र कोणत्याच वर्गात शिकवली जात नाही. ज्यांच्या घरात दोन पिढ्या पदव्या आहेत त्यांना ती जेवताजेवता कळते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून आलेला, आईबाप ऊसतोडीला गेलेले असा आमचा विद्यार्थी ती प्रथम नोटीस बोर्डावर वाचतो, आणि कळले नाही तरी कोणाला विचारत नाही. विचारले की अडाणी ठरू, ही भीती त्याच्या एकट्याची नाही. ती त्याला वारशाने मिळालेली आहे. म्हणून हे शब्द म्हणजे केवळ कार्यालयीन बाब, असे समजून चालणार नाही.

‘एटीकेटी’ हाच शब्द घ्या. गुणपत्रिकेवर ही अक्षरे पाहून ‘आपण नापास झालो, संपलं’ असे समजून कामाला निघून गेलेली मुले मी शिक्षक म्हणून पाहिली आहेत. वास्तविक या अक्षरांचा अर्थ उलट आहे. ‘अलाउड टू कीप टर्म्स’, म्हणजे काही विषय राहिले असले तरी पुढच्या वर्गात बसण्याची मुभा. राहिलेले विषय मागाहून द्यायचे. किती विषय राहिले तर ही मुभा मिळते याचा नियम प्रत्येक अभ्यासक्रमाचा वेगळा असतो. तो लेखी मागावा, कोणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये. ‘टर्म ग्रँट झाली नाही’ ही गोष्ट निराळी. तिचा संबंध निकालाशी नसून हजेरीशी आहे. हजेरी कमी भरली तर परीक्षेलाच बसता येत नाही.

हा ‘टर्म’ शब्द इंग्लंडातून आला. १९१६ साली बाबासाहेबांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव घातले. तिथे बॅरिस्टर होण्यासाठी टर्म भरणे म्हणजे इनच्या भोजनगृहात ठरावीक वेळा जेवायला बसणे! ज्याच्या पंक्तीला इथे कोणी बसत नव्हते त्याला तिथे पंक्तीत बसल्याखेरीज सनद मिळत नव्हती. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढची आहे. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. परतण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवली. १९२० साली ते पुन्हा गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. बुद्धी तर होतीच. पण संस्थेचा नियम आणि त्या नियमाचा शब्द त्यांना ठाऊक होता.

आज सर्वत्र ‘क्रेडिट’ हा शब्द चालतो. सहकाराच्या या जिल्ह्यात क्रेडिट म्हटले की पतसंस्था आठवते, आणि पत नसलेल्याला कर्ज कोण देतो? विद्यापीठातले क्रेडिट म्हणजे कर्ज नव्हे, कमाई. मराठीत त्याला श्रेयांक म्हणतात. साधारणतः एका सत्रात पंधरा तासांचे व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक, प्रात्यक्षिक असेल तर तीस तास. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे साठ तास. निकालातील ‘सीजीपीए’ याच हिशेबावर उभा असतो. चार श्रेयांकांच्या विषयात ८ गुणांक आणि दोन श्रेयांकांच्या विषयात ५ मिळाले, तर ३२ अधिक १० म्हणजे ४२. त्याला सहाने भागले की ७. मोठ्या श्रेयांकाच्या विषयाकडे दुर्लक्ष केले तर लहान विषयातले यश ते भरून काढीत नाही, एवढे यातून कळावे.

इंग्रजी शब्द परके आहेत म्हणावे, तर मराठी म्हणून दिलेले शब्द तरी आपले कुठे आहेत? पदवीधराला ‘स्नातक’ म्हणतात. वेदाध्ययन पुरे करून विधिपूर्वक स्नान केलेला तो स्नातक. ज्यांना ते अध्ययन वर्ज्य होते त्यांच्या मुलांच्या प्रमाणपत्रावर हा शब्द सहज छापला जातो. वर समारंभाचे नाव ‘पदवीदान’! तीन वर्षे राबून मिळवलेल्या गोष्टीला दान म्हणण्याची ही रीत आमच्या परिचयाची आहे. निदान ‘क्रेडिट’चा अर्थ विचारताना पूर्वजांचा अपमान आठवत नाही.

शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप यांतही घोळ होतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी १९४४ साली सुरू झाली. आपल्या राज्यात अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती. तीत शुल्काबरोबर निर्वाहभत्ताही असतो. त्यावर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फक्त शिक्षण व परीक्षा शुल्क. एकदा मंजूर झाली की झाले असे नाही. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो.

सर्वांत जपून वाचावा असा नवा शब्द म्हणजे ‘एक्झिट’. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पहिल्या वर्षाअखेर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षाअखेर पदविका मिळण्याची सोय झाली. पूर्वी अशा मुलाच्या हाती काहीच लागत नव्हते, हे मान्य केले पाहिजे. परंतु दारिद्र्याने बाहेर ढकललेल्या मुलाला गळती न म्हणता एक्झिट म्हटले की आकडेवारीत गळती दिसेनाशी होते, आणि त्याला कोणी थांबवून ठेवण्याची गरजही उरत नाही. कोण घेणार हा एक्झिट? ज्याच्या बापाचे दुकान किंवा बागायत आहे तो तर नव्हे.

तरीही ज्याला जावेच लागेल त्याने एवढे पक्के करावे. केवळ वर्ष पुरे करून प्रमाणपत्र मिळत नाही. किमान चाळीस श्रेयांकांखेरीज उन्हाळी सुट्टीत चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम करावा लागतो. श्रेयांक ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा असावे लागतात, ते खाते विद्यार्थ्याच्या नावाचे असते, त्याचा क्रमांक त्याने घरी लिहून ठेवावा. बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. कार्यालयात ‘आता प्रवेश मिळणार नाही’ असे सांगण्यात आले, तर कोणत्या नियमाने, हे लेखी विचारावे.